रुकय्या पटेलचा प्रबंध

रुकय्या पटेलला हळू बोलता येत नसे. त्यात तिचा दोष नव्हता. घराच्या तळमजल्यावर तिच्या वडिलांचे माग चालत आणि वरच्या मजल्यावर संसार. लहानपणापासून प्रत्येक वाक्य त्या खडखडाटाच्या डोक्यावरून पलीकडे फेकायची सवय. 'मीठ दे' हेसुद्धा त्या घरात खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं म्हटलं जाई. कॉलेजच्या लायब्ररीत ती माझ्या कानाशी तोंड आणून एखादं गुपित सांगायला लागली, की पलीकडच्या टेबलावरची मुलं माना वर करून ऐकत. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत. मग ती त्यांना तेवढ्याच मोठ्याने "सॉरी सर!" म्हणे आणि उरलेली लायब्ररीही वर बघे.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची ही गोष्ट. भिवंडीच्या कॉलेजात फिजिक्सच्या एम.एस्सी.ला आम्ही दोघीच मुली होतो. मी अंजूरची, शेतकऱ्याच्या घरातली, रोज रिक्षाने येऊन-जाऊन शिकणारी. ती गावातल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातली. पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना सरांनी 'पटेल'ऐवजी 'पाटील' म्हटलं आणि आम्ही दोघी एकदम उभ्या राहिलो. तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बघ, तू पाटील, मी पटेल. अक्षरं तीच. काना-मात्रेचा काय तो फरक. आपण एकाच बाकावर बसू." तेव्हापासून आम्ही एकाच बाकावर बसलो.

ती काळा बुरखा घालून यायची. प्रयोगशाळेत शिरली की बुरखा दाराशेजारच्या खुंटीवर आणि त्याच खुंटीवरचा पांढरा ॲप्रन अंगावर. संध्याकाळी उलट. सोल्डरिंग करायला बसली की ओढणी सावरायचं भान तिला राहत नसे. तिच्या सगळ्या ओढण्यांना बारीक बारीक जळकी भोकं होती. तिच्या अम्मीने एकदा मला बाजूला घेऊन हळूच, म्हणजे त्या घराच्या मानाने हळूच, विचारलं होतं, "बेटी, कॉलेजात ही बिडी तर ओढत नाही ना?"

'खूप', 'फार', 'बरंच' या शब्दांशी तिचं वैर होतं. कोणी यातला एखादा शब्द उच्चारला, की ती लगेच विचारी, "म्हणजे किती?" एकदा माझी दाढ ठणकत होती. गाल धरून मी म्हणाले, "खूप दुखतंय गं." रुकय्या माझ्याकडे सहानुभूतीने बघत म्हणाली, "खूप म्हणजे किती? कालच्यापेक्षा जास्त की कमी? गरम चहाने वाढतं की थंड पाण्याने?" मी चिडले. पण तिने प्रश्न विचारून विचारून नेमकी दुखरी दाढ कुठली ते माझ्याकडून काढून घेतलं, डॉक्टरकडे घेऊन गेली आणि मी खुर्चीत बसायच्या आधी तिनेच त्यांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कोण आहे?" ती म्हणाली, "दाढ हिची, माहिती माझी."

शेवटच्या वर्षी एक संशोधन-प्रकल्प करायचा आणि त्यावर प्रबंध लिहून द्यायचा, असा नियम होता. जोडीजोडीने केलेला चाले. आमचे मार्गदर्शक वैद्य सर. अतिशय सज्जन माणूस, प्रकाशशास्त्रातला जाणकार, पण भिवंडीत इतकी वर्षं काढून जरा हताश झालेला. प्रकाशाच्या दोन किरणांचा मेळ घालून काळ्या-उजळ पट्ट्या मिळवायच्या आणि त्यांवरून अतिसूक्ष्म अंतरं मोजायची, असा विषय त्यांनी आम्हाला दिला. उपकरण चांगलं होतं. पट्ट्याही सुरेख यायच्या. पण त्या क्षणभरही एका जागी थांबायच्या नाहीत. पाण्यातल्या सावल्यांसारख्या लटलट हलायच्या.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून मागांच्या शेड होत्या. प्रत्येक मागात धोटा इकडून तिकडे आपटत असतो, असे शेकडो माग दिवसभर चालू. ती धडधड जमिनीतून, भिंतीतून, टेबलातून उपकरणात शिरायची. शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात, तेवढ्याच दिवशी पट्ट्या शहाण्यासारख्या उभ्या राहत.

"शुक्रवारी करा," सर म्हणाले. "आधीच्या पोरांनीही तसंच केलं. नाहीतर लायब्ररीत बसून एखादा सैद्धांतिक विषय घ्या. जुने प्रबंध आहेत कपाटात, त्यांवरून अंदाज येईल."

जुन्या प्रबंधांवरून अंदाज येईल, याचा अर्थ काय ते आम्हाला कळत होतं. बरेच जण त्यांतलंच उतरवून देत. मी रुकय्याकडे बघितलं. ती हलणाऱ्या पट्ट्यांकडे बघत होती.

"सर, आठवड्यातून एकच दिवस फिजिक्स?" ती म्हणाली. "बाकीचे सहा दिवस आम्ही काय करायचं?"

"बाकीचे सहा दिवस इथं होत नाही, रुकय्या. हे गाव त्यासाठी नाही."

ती गप्प बसली, आणि ती गप्प बसली की मला धास्ती वाटे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती थेट सरांच्या खोलीत गेली. दार बंद होतं, तरी मला बाहेर शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. "सर, ही थरथर आपल्याला मोजू देत नाही ना? मग आपण थरथरच मोजू. भिवंडीची जमीन हलते हे सगळे म्हणतात. किती हलते ते कोणी सांगितलंय? कुठे जास्त, कुठे कमी? मागापासून लांब गेलं की कशी कमी होत जाते? शेडमधले सगळे माग एका तालात चालले तर काय होतं, बेताल चालले तर काय होतं?"

मग सरांचा आवाज आला. "यासाठी लागणारी उपकरणं आपल्याकडे नाहीत."

"बनवू," रुकय्या म्हणाली.

तिने ती खरोखरच बनवली. जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर टेकणाऱ्या हातात सुईच्या वर एक छोटा स्फटिक असतो. सुई थरथरली की तो वीज देतो. तिने चोरबाजारातून तिच्या मामाकडून तसले मोडके हात मागवले. सुईला शिशाचा लहानसा गोळा चिकटवला, म्हणजे जमीन हलली तरी गोळा जडपणाने मागे राहतो आणि स्फटिकावर ताण येतो. त्याला जोडायला टॉर्चच्या सेलवर चालणारी एक पेटी आम्ही दोघींनी मिळून बांधली. पेटीवर सुईचा मीटर. पहिल्यांदा ती टेबलावर ठेवली आणि मीटरची सुई भिवंडीच्या तालात नाचायला लागली, तेव्हा रुकय्या इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमधून लोक आग लागली की काय म्हणून धावत आले.

तुलनेसाठी शांत जागा हवी होती. मी तिला अंजूरला आमच्या घरी घेऊन गेले. तेव्हा आमच्याकडे गोदामं आलेली नव्हती. खाडीपर्यंत भातखाचरं होती. रुकय्याने पेटी ओटीवर मांडली, ग्रामोफोनचा हात जमिनीवर टेकवला आणि पालथी झोपून मीटरकडे बघत बसली. माझी आई भाकऱ्या थापता थापता बाहेर आली.

"काय गो बाय, जमिनीची नारी बगतेस?" आईने स्वतःचं मनगट धरून दाखवत विचारलं. "ताप हाय का तिला?"

"नाही मावशी," रुकय्या पडल्या पडल्या म्हणाली, "तुमची जमीन एकदम तंदुरुस्त आहे. माझी आजारी आहे."

सुई शून्यावर पडून होती. कोणाला वाटेल, शून्य मिळालं यात काय एवढं? पण रुकय्याचा चेहरा ईदचा चंद्र दिसल्यासारखा झाला होता. आपली पेटी उगाच काहीबाही दाखवत नाही, जिथे काही नसतं तिथे ती गप्प बसते, हे त्या शून्याने सिद्ध झालं होतं. जेवताना तिने आईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाबरोबर तांदळाच्या भाकऱ्या अशा काही खाल्ल्या, की आई नंतर कित्येक दिवस मला विचारत होती, "ती जमीनवाली पोर कदी येनार हाय? तिला सांग, शून्य हितंच गावंल." आईला तिची बोली सगळी कळायची. रुकय्याची घरची कोकणी आणि आईची आगरी या दोन बहिणी असाव्यात तशा त्या दोघी बोलत.

खरी अडचण होती मागांच्या शेडमध्ये शिरायची. घराच्या खालीच शेड असूनही रुकय्या कधी तिथे गेलेली नव्हती. घरातल्या बायकांनी चालू शिफ्टमध्ये खाली उतरायचं नाही, असा तिच्या वडिलांचा दंडक होता. त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत. उंच, पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे. त्या घरात कमी बोलणारे तेवढे एकच. त्यातून गावात कुजबुज सुरू झाली होती, की पटेलांची पोरगी सरकारसाठी आवाज मोजतेय, उद्या नोटिसा येतील. दोन-तीन शेडमालकांनी हाजीसाहेबांना मशिदीच्या पायरीवर गाठून तसं विचारलंही होतं.

हाजीसाहेबांनी मधला मार्ग काढला. शेडच्या कडेला त्यांची गादी होती, म्हणजे हिशेब करायची खोली. तिथे बसून जे मोजायचं ते मोजा, आत जायचं नाही. आम्ही गादीत एक स्टूल टाकलं, स्टुलावर पेटी आणि ग्रामोफोनचा हात मांडला आणि आठवडेच्या आठवडे आकडे घेतले. कॉलेजात घेतले, रस्त्याकडेच्या बाकड्यांवर घेतले. आलेख काढले. आलेख देखणे आले. सर खूश झाले. कोर्टाजवळच्या एका टायपिस्टकडे प्रबंधाचे निम्मे कागद टाइपही होऊन आले.

आणि मग एका दुपारी, कॉलेजच्या लॅबमध्ये, कोणीतरी आमच्या टेबलावर एक जड ॲसिडची बॅटरी आणून ठेवली. मीटरची सुई झटकन खाली आली.

मी म्हणाले, "बॅटरी काढ गं, रीडिंग बदलतंय."

रुकय्याने बॅटरी काढली नाही. ती मीटरकडे बघत राहिली. मग बॅटरी उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. सुई पुन्हा बदलली. पुन्हा उचलली, मधोमध ठेवली. तिचा चेहरा उतरत गेला.

"पाटील," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं, "जमिनीला काय माहीत टेबलावर बॅटरी आहे ते?"

मला समजायला थोडा वेळ लागला. आम्ही जे मोजत होतो ती जमिनीची थरथर नव्हतीच. टेबलाची होती. जमिनीच्या हलण्याने टेबल आपल्या स्वतःच्या तालात हलत होतं, आणि ते टेबल काय सांगतं ते आम्ही लिहून घेत होतो. गादीतल्या स्टुलाचं तेच. सगळे देखणे आलेख टेबलांचे, स्टुलांचे आणि बाकड्यांचे होते.

सर म्हणाले, "तारीख जवळ आली आहे. एक टीप घाला, की मोजमाप टेबलावरून घेतलं आहे. परीक्षक एवढं बघत नाहीत." मलाही तेच बरं वाटत होतं. मी थकले होते. घरी लावणी-कापणीची कामं टाकून मी कॉलेजात येत होते.

"सर, टीप घालता येईल," रुकय्या म्हणाली. "पण प्रबंधाच्या नावात जमीन आहे. आणि आत जमीन नाही."

ती त्या दिवशी मला तिच्या घरी घेऊन गेली. मला वाटलं, एकटीने वडिलांपुढे उभं राहायची तिला भीती वाटत असावी. हाजीसाहेब तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपून वर आले होते, चहा घेत होते. रुकय्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"अब्बा, आम्ही लिहिलंय ते चुकीचं आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मलाच कळलं."

"मास्तर काय म्हणतात?"

"चालेल म्हणतात."

हाजीसाहेबांनी कप खाली ठेवला. "मग?"

"मग काही नाही. मला शेडमध्ये जायचंय. फरशीवर प्लॅस्टरने यंत्र बसवायचंय. आणि..." इथे ती अडखळली. "आणि सगळे माग बंद करून एकेक चालू करायचाय. एकाने जमीन किती हलते, मग दोनांनी किती, मग चारांनी. शुक्रवारी कारागीर सुट्टीवर असतात. चालू दिवशीच व्हायला हवं."

मी खाली बघत होते. चालू दिवशी शेड बंद ठेवणं म्हणजे काय, हे भिवंडीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. लाइट गेली तरी मालक कपाळाला हात लावतात. स्वतःच्या हाताने कोण बंद करतं?

हाजीसाहेब उठले. खिडकीपाशी गेले. खालून मागांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "कापडाच्या ताक्यात एक दाग असला, तर मी काय करतो?"

"बाजूला काढता."

"गिऱ्हाइकाला दिसत नसला तरी?"

"तरी."

"मग तू विचारायला कशाला आलीस?" ते म्हणाले. "मुकादमाला मी सांगतो. फक्त एक कर. कारागिरांना आधी समजावून सांग, काय करतेस ते. माणसाला न सांगता त्याचं काम थांबवायचं नसतं."

दोन दिवसांनी रुकय्या पहिल्यांदा त्या शेडमध्ये उतरली. कारागीर बहुतेक उत्तरेकडून आलेले, अंगावर कापसाची लव बसलेली. तिने मधोमध उभं राहून हिंदीत सगळं सांगितलं. माग बंद होते, पण तिचा आवाज चालू मागाच्या वरचा होता, त्यामुळे रस्त्यावरचे लोकही दारात येऊन ऐकायला लागले. "ज़मीन कितनी हिलती है, वो नापना है. सरकार के लिए नहीं, कॉलेज के लिए." एका म्हाताऱ्या कारागिराने विचारलं, "नाप के क्या होगा, बेटी?" ती म्हणाली, "अभी पता नहीं चाचा. नापने के बाद बताऊँगी." सगळे हसले. मग एकेकाने आपापला माग सांगितल्याप्रमाणे चालू केला, बंद केला. हाजीसाहेब गादीच्या दारात उभे होते. दिवसभर उभे होते. मधे मधे त्यांच्या ओळखीचे शेडमालक येऊन काहीतरी बोलून जात. एकदा फक्त मला त्यांचं उत्तर ऐकू आलं. "हां, बंद है. मेरी लड़की का काम चल रहा है."

ते वाक्य त्यांनी मुलीकडे न बघता म्हटलं. पण रुकय्याने ऐकलं. प्लॅस्टरने भरलेले हात तिने क्षणभर तसेच हवेत धरले, आणि पुन्हा मीटरवर वाकली.

त्या दिवसाच्या आकड्यांतून जे निघालं ते टेबलाच्या आलेखांइतकं देखणं नव्हतं. पण ते जमिनीचं होतं. दोन मागांनी थरथर दुप्पट होत नव्हती. माग तालात आले की ती एकदम फुगे, ताल सुटला की ओसरे. भरती-ओहोटीसारखी. वैद्य सरांनी तो आलेख बघितला आणि लॅबमध्ये जाऊन पुन्हा ते जुनं प्रकाशपट्ट्यांचं उपकरण लावलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरेच्चा. मधे मधे थांबतात की गं या! इतकी वर्षं मी नुसतं वैतागून दिवा बंद करत होतो." खरोखरच, भिंतीपलीकडच्या शेडचे माग एकमेकांशी बेताल झाले की काही क्षण पट्ट्या स्थिर होत. ते क्षण धरले तर चालू दिवशीही मोजता येत होतं. सरांचा चेहरा तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसला.

प्रबंध वेळेत झाला. टायपिस्टला निम्मे कागद पुन्हा करावे लागले. तो म्हणाला, "मॅडम, वकील लोक पण इतकं खोडत नाहीत." रुकय्याने त्यात एक प्रकरण मुद्दाम घातलं होतं. टेबलावरचे सगळे चुकलेले आकडे, ते का चुकले, आणि ते चुकले हे कसं कळलं. मी म्हटलं होतं, हे कशाला छापायचं? आपणच आपलं हसं करून घ्यायचं? तिने ऐकलं नाही.

तोंडी परीक्षेला मुंबईहून एक मोठे प्राध्यापक आले होते. उन्हात आलेले, घामाघूम, आणि जरा त्रासलेले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मागांच्या गावात कसलं फिजिक्स करता तुम्ही?" वैद्य सर ओशाळून हसले. रुकय्या हसली नाही.

त्यांनी पानं चाळायला सुरुवात केली. त्या प्रकरणापाशी थांबले. वाचलं. मागे जाऊन पुन्हा वाचलं.

"हे सगळे आकडे चुकीचे आहेत?"

"हो सर."

"मग छापले कशाला? प्रबंधात माणूस काय जमलं ते लिहितो."

रुकय्या सरळ उभी होती. तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण आज त्याला एक घट्टपणा होता.

"सर, पुढच्या वर्षीची मुलं त्याच टेबलावर बसणार आहेत."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "बसा दोघी. सुरुवातीपासून सांगा." तोंडी परीक्षा साधारणपणे लवकर आटपते. आमची संपली तेव्हा त्यांचं जेवण थंड झालं होतं. कुठे कुठे त्यांनी तिला अडवलंही. एका सूत्रात तिने घेतलेलं गृहीत कच्चं आहे हे त्यांनी दाखवून दिलं. तिने ते लगेच मान्य केलं आणि पेन काढून तिथल्या तिथे समासात लिहून घेतलं. जाताना त्यांनी वैद्य सरांना विचारलं, "याची एक प्रत मला मिळेल? माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायची आहे." सरांनी स्वतःची प्रत काढून दिली. फाटकापर्यंत त्यांना पोचवून परत आले तेव्हा सरांचे डोळे ओले होते. खडू उचलला आणि पुढच्या तासाला गेले.

त्या वर्षी विभागात रुकय्या पहिली आली. हाजीसाहेबांनी शेडमधल्या प्रत्येक कारागिराला पेढे दिले. रुकय्या स्वतः त्या म्हाताऱ्या कारागिराकडे गेली आणि मोजून काय झालं ते त्याला सांगून आली, कारण तिने कबूल केलं होतं.

पुढे तिचं लग्न झालं, गावातच. नवऱ्याचं औषधांचं दुकान, शांत माणूस. तिचा आवाज हा त्याचा अभिमानाचा विषय होता. म्हणे, "दुकानात फोन घ्यायची गरजच नाही." वैद्य सर निवृत्त झाले आणि काही काळाने त्यांच्याच जागेवर ती लागली. नव्वदीच्या दशकात त्या विभागातून जे प्रबंध निघाले, त्यांतला एकही कपाटातल्या जुन्या प्रबंधावरून उतरवलेला नव्हता, हे मी खात्रीने सांगते, कारण मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि परीक्षक म्हणून तिथे जात होते. कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या सांडपाण्यातून प्रकाश किती जातो, मातीच्या विटेतून उष्णता किती जाते, खाडीच्या चिखलातून वीज कशी वाहते. सगळे विषय गावातले. आणि प्रत्येक प्रबंधात एक प्रकरण चुकांचं. तिच्या विद्यार्थिनींना परीक्षेत ते प्रकरण विचारलं की त्यांचे चेहरे खुलत. चूक सांगताना खुलणारी पोरं मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात बघितली नाहीत.

कोणी तिला विचारी, तू स्वतः पीएच.डी. का केली नाहीस? मुंबईच्या त्या परीक्षकांनी तिला बोलावलंही होतं. पण त्याच वर्षी हाजीसाहेबांना अर्धांगाचा झटका आला आणि ती गेली नाही. ती हे सांगताना रडगाणं गात नसे. "मी गेले असते तर एक पीएच.डी. झाली असती," ती म्हणे. "इथं राहून किती पोरी पाठवल्या ते बघ." त्यातल्या बऱ्याच जणी खरंच कुठे कुठे पोचल्या होत्या. त्यांची नावं ती मला सांगायची, आणि प्रत्येकीचा विषयही, जणू तो तिने स्वतःच केला असावा.

माझी नाशिकला बदली ठरली त्या सुमारास मी तिला शेवटचं बघितलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. भिवंडीच्या एसटी स्टँडवर मी नाशिकच्या गाडीत बसले होते. गाडी सुटायला वेळ होता. समोर पुण्याची गाडी लागली होती आणि तिच्या दाराशी रुकय्या एका मुलीची पत्र्याची ट्रंक वर चढवत होती. मुलगी शेलार गावची, म्हात्र्यांची रेखा. तिची परीक्षा मीच घेतली होती. ती पुण्याला संशोधनाला निघाली होती. तिचे वडील, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले, हातातली कापडी पिशवी या हातातून त्या हातात करत उभे होते. गाडी सुटली. रेखाने खिडकीतून हात हलवला. वडिलांनी हलवला नाही. त्यांना ते सुचलंच नाही.

मी हाक मारणार तोच माझ्या लक्षात आलं, की त्या वडिलांनी रुकय्याला काहीतरी विचारलं आहे. मला अर्धं ऐकू आलं. "...पन मॅडम, ती थितं नक्की करनार काय हाय?"

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, तुम्हाला नाही कळायचं, मोठं शिक्षण आहे. रुकय्याने त्यांना बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि सांगायला लागली. हातांनी हवेत काहीतरी काढत, पुसत, पुन्हा काढत. ते बघत होते. मधेच मान हलवत होते, मधेच हलवायची थांबत होते. ते थांबले की ती मागे जाऊन पुन्हा सांगे. रेखाला पोचवायला आलेल्या तिच्या विद्यार्थिनी बाजूला ताटकळल्या होत्या. स्टँडवरचा गोंगाट चालू होता. माझी गाडी भरली. कंडक्टरने घंटी मारली.

गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून मान काढून बघितलं. म्हात्र्यांनी पिशवी खाली ठेवली होती आणि दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून ते रुकय्याला एक प्रश्न विचारत होते. प्रश्न काय होता ते मला ऐकू आलं नाही. पण तिने लगेच उत्तर दिलं नाही. कपाळाला आठी घालून, त्यांच्या दोन हातांमधल्या जागेकडे बघत, ती विचार करत बसली होती.